हरचंदचा पहिला हंगाम

दाताच्या डॉक्टरांकडून परत येताना परवा माझा ऑटो जिनिंग कारखान्याच्या वळणावर अडकला. पुढे कापसानं भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग, मागून एसटीचा हॉर्न आणि माझं अर्धं तोंड इंजेक्शननं बधिर. ऑटोवाल्याला चार शब्द सुनावावेत तर भलतेच उच्चार बाहेर पडत होते, म्हणून गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली की तिला आजूबाजूचं जरा जास्त दिसतं. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागला होता. विजेच्या तारांवर, पानटपरीच्या पत्र्यावर, पुढच्या मोटारसायकलवाल्याच्या मफलरवर पांढरे धागे होते. एक पुंजका उडत येऊन माझ्या मांडीवर पडला. मी तो उचलला, दोन्ही अंगठ्यांत धरला आणि हळूच ओढून पाहिला, धागा किती लांब आहे ते.

आता खरं सांगायचं तर मी कारकुनाच्या घरात जन्मले, कारकुनाच्या घरात पडले आणि स्वतः कॉलेजच्या ऑफिसात जन्मभर कारकुनीच केली. कापूस आमच्याकडे फक्त गादीत आणि देवाच्या वातीत. कापसाच्या जिल्ह्यात साठ वर्षं काढून मला बोंड कधी फुटतं ते धड माहीत नव्हतं. धागा ओढून पाहण्याची ही खोड मला लावली हरचंदनं. त्यामुळे दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली, तुरीला पिवळा बहर आला आणि शहराच्या कडेला सरकीचा तो तेलकट, उबदार वास सुटला की मला दरवर्षी त्याचा इथला पहिला हंगाम आठवतो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात जास्त धाकधुकीचा हिवाळा, आणि शेवटी सगळ्यात मोकळा श्वास घेतला तोही त्याच हिवाळ्यात.

त्या वर्षी गणपती उठले आणि वसंतराव आमच्याकडे फाईल घेऊन आले. वसंतराव आमच्या कॉलनीतले जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले गृहस्थ. रिटायर झाले तरी फाईल सुटलेली नाही. पाकिस्तानातल्या सिंधमधून सगळं सोडून आलेल्या कुटुंबांना इथे ठिकठिकाणी वसवण्याची खटपट करणारी काही मंडळी आहेत, त्यांच्याकडून त्यांना निरोप आला होता: तुमची कॉलनी मिळून एका कुटुंबाची जबाबदारी घेता का? नवरा, बायको, नऊ वर्षांची मुलगी. खोली बघायची, पहिले काही महिने घर चालवायचं, मुलीला शाळेत घालायचं आणि माणसाला कामाला लावायचं. सरकारी कागदावर इथल्या कुणाची तरी जामीन म्हणून सही लागते. आठ घरं तयार झाली. सही कुणी करायची म्हटल्यावर सगळे छताकडे बघायला लागले, आणि मी म्हणून टाकलं, आणा इकडे. मला घाई नडते, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे.

ते आले तेव्हा पाऊस नुकताच सरला होता. हरचंद चाळिशीचा, उंच, खांद्यात थोडा वाकलेला. बायको जमना, डोक्यावरचा पदर एका हातानं सतत सारखा करणारी. मुलगी पूजा, डोळे मोठे करून सगळीकडे बघणारी. एक लोखंडी पेटी आणि दोन गाठोडी. आम्ही आठ घरच्या बायकांनी खोली अशी लावली होती की हळदीकुंकवाला बोलवावं. फळीवर डबे, डब्यांवर चिठ्ठ्या: तूरडाळ, साखर, पोहे, तिखट. मला स्वतःच्या सुवाच्य अक्षराचा फार अभिमान. जमना प्रत्येक डबा उघडून आत बघायची आणि मग परत लावायची. मला वाटलं, बाई जरा संशयी दिसते.

वसंतरावांनी फाईलमध्ये रकाने पाडले होते. नाव, वय, शिक्षण. हरचंद म्हणाला, "मॅट्रिक हूँ जी." वसंतराव खूश. दहावी पास म्हणजे प्रश्नच मिटला. त्यांच्या चुलत बहिणीच्या ओळखीच्या एका शाळेत ऑफिसमध्ये माणूस हवा होता. आठ दिवसांत हरचंद खुर्चीवर बसला. समोर टेबल, वर पंखा, हातात आवक-जावक रजिस्टर. आम्ही एकमेकांना फोन करून अभिनंदन केलं. आपल्या माणसाला सावलीतली नोकरी लागली, यापेक्षा मोठं सुख आमच्या घरांना ठाऊक नाही. आमच्या बापजाद्यांनी त्यासाठी गाव सोडलं, आणि आम्ही ती एका अनोळखी माणसाला आठवड्यात मिळवून दिली होती.

अकराव्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. "मॅडम, माणूस सज्जन आहे, पण रजिस्टर कोरं आहे. येणाऱ्याला पाणी देतात, कागदाला टाचण्या लावतात, सगळ्याला 'हाँ जी' म्हणतात. लिहीत मात्र काहीच नाहीत. मला दुसरा माणूस बघावा लागेल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सही माझी, शब्द माझा, आणि हा माणूस बसून टाचण्या लावतो? तशीच चपला घालून निघाले. त्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं. लोखंडी पेटी मधोमध होती आणि जमना त्यात कपडे भरत होती. रडत नव्हती, पण एकच घडी पुन्हा पुन्हा मोडून घालत होती. हरचंद भिंतीला टेकून बसला होता. मी घरून पाठ करून आणलेलं पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोच उठून उभा राहिला.

"मैडमजी, माफ़ी. मुझे ये लिखाई नहीं आती."

मला कळेना. दहावी पास, फाईलमध्ये लिहिलंय.

त्यानं पेटीतून एक वही काढली आणि त्यात स्वतःचं नाव लिहून दाखवलं. सुरेख, झोकदार अक्षर, उजवीकडून डावीकडे गेलेलं. त्याची सगळी शाळा त्या लिपीत झालेली. नागरीतलं त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं. आमच्याशी हिंदी बोलतो, देवही आपलेच आहेत, तेव्हा लिहिता-वाचता येणारच, असं आम्ही आठ सुशिक्षित घरांनी धरून चाललं होतं. आणि मी फळीवरच्या डब्यांकडे पाहिलं. जमना प्रत्येक डबा उघडून का बघत होती ते तेव्हा कळलं, आणि मला स्वतःची फार लाज वाटली.

"मग सांगितलं का नाही?" हे मी हिंदीत विचारलं, पण आवाज माझा मराठीच होता.

"आप लोगों ने कुर्सी दी," तो म्हणाला. "कुर्सी को ना कैसे बोलता?"

इंदूरला त्याचा मावसभाऊ होता. त्यानं निरोप पाठवला होता: इकडे ये, दुकानात मदतीला राहा, मागच्या खोलीत झोपा. हरचंदला जायचं नव्हतं. सिंधमधून आले तेव्हा त्या भावाकडे महिनाभर राहून झालं होतं, आणि त्या महिन्याबद्दल तो एवढंच म्हणाला की तिथं पूजा जोरात हसायला भ्यायची. पण जानेवारीत राहण्याची परवानगी वाढवून घ्यायची होती. तिथं विचारणार, काम काय करता? काही नाही, असं उत्तर देण्यापेक्षा इंदूर बरं, असं त्यानं ठरवलं होतं. मी म्हटलं, पंधरा दिवस थांबा. कशाच्या जोरावर म्हटलं, मला माहीत नव्हतं.

त्या पंधरा दिवसांत मी फोनची डायरी घेऊन बसले. शाळा, कॉलेज, वकिलाचं ऑफिस, एलआयसीवाले, पुसदला नणंदेच्या नात्यातले एक प्रकाशक. सगळीकडे वाचणं आणि लिहिणं. जन्मभराच्या ओळखी उलट्यासुलट्या करून पाहिल्या, तर सगळ्या एकाच प्रकारच्या टेबलाशी बसलेल्या. आजही मला वाटतं, दुसऱ्याला हात द्यायला निघालेल्या माणसानं आधी आपली डायरी वाचून बघावी. आम्ही त्याला प्रेमानंच बोलावलं होतं, त्यात खोट नव्हती. पण आमच्या ओळखी जिथं संपत होत्या, तिथंच त्याचं नशीबही संपायला लागलं होतं.

वाट निघाली ती शांताबाईकडून. शांताबाई राठोड तांड्यावरून आठवड्यातून दोनदा आमच्या कॉलनीत भाजी घेऊन येते. घरची शेती आहे, कापूस आणि तूर. भाजी विकते ती, तिच्याच शब्दांत, "घरी बसून बोर होते म्हणून." त्या दिवशी तिनं जमनेच्या दारात टोपली उतरवली होती. जमना आत वळून मुलीला काहीतरी म्हणाली, मीठ आणायचं राहिलं असं काहीतरी, आणि शांताबाईनं हातातली वांगी खाली ठेवली.

"बाई," ती मला हाक मारत आली, "हे तं आमच्यासारखं बोलते. मिठाले लूण म्हणते. पोरीले छोरी म्हणते. कुठची हाये ही?"

मी सांगितलं. शांताबाईनं ऐकून घेतलं आणि सरळ जमनेच्या उंबऱ्यात जाऊन बसली. तिची बंजाऱ्यांची गोरबोली आणि जमनेची थर वाळवंटाकडची बोली, काही शब्द जुळत होते, काही नव्हते, जुळले नाहीत तिथं दोघी हातवारे करत होत्या. अर्ध्या तासानं मला जमनेचं हसणं ऐकू आलं. तिला इथे येऊन महिना झाला होता आणि तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

उठताना शांताबाई म्हणाली, "आयतवारी आमच्या वावरात सीतादही हाये. यायले घेऊन या. तुमीबी या."

पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे शेतात सीतादही करतात. मी ऐकून होते, पाहिलं कधी नव्हतं. आम्ही सकाळी ऑटोनं गेलो. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, कमरेएवढी, पानांवर दव, पायाशी माती थंड आणि थोडी चिकट. एका झाडाच्या बुडाशी पाच दगड मांडून शांताबाईनं हळदकुंकू वाहिलं, दहीभाताचा नैवेद्य ठेवला, उरलेला चारी दिशांना उडवला. माझ्या नव्या साडीवर पडला तेव्हा सगळ्या बायका हसल्या. फुटलेली बोंडं उन्हाची वाट बघत ओठंगून राहिली होती. बायकांनी ओट्या बांधल्या आणि वेचायला सुरुवात करणार, तेवढ्यात हरचंद पुढे झाला.

मी त्याला शाळेच्या खुर्चीत पाहिलं होतं, भिंतीला टेकलेला पाहिलं होतं. हा माणूस मी पाहिला नव्हता. खांद्यातला बाक कुठे गेला कोण जाणे. त्यानं एका बोंडातला कापूस काढला, सरकी वेगळी केली आणि सरळ दाढेखाली धरून चावली. कान देऊन आवाज ऐकावा तसा क्षणभर थांबला. मग धागे दोन्ही अंगठ्यांत धरून ओढले, जुळवले, पुन्हा ओढले आणि आपल्या काळ्या जाकिटाच्या बाहीवर ठेवून बघितले.

"धागा अच्छा है," तो शांताबाईला म्हणाला. "लेकिन अभी मत चुनो. धूप चढ़ने दो. दाना अभी गीला है, ढेर में गरम हो जाएगा."

शांताबाईनं बायकांना हातानं थांबवलं. "दहिवर उतरू द्या म्हणते थो. माहा बापबी हेच म्हणे." मग त्याच्याकडे वळून, "तुमाले कसं समजलं, भाऊ?"

"सत्रह साल यही किया है. फ़ैक्टरी में माल देखता था. फुटी आती थी, मैं देखकर बताता था कौन सी कहाँ जाएगी." फुटी म्हणजे आपला कापूस, सरकीसकट.

शांताबाई माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही, कारण त्यात राग नव्हता, नुसती नवलाई होती. "बाई, तुमी इतके शिकलेले लोकं. कोणी इचारलं नाई का याले, तू काय करत होता म्हणून?"

वसंतरावांच्या फाईलमध्ये तो रकानाच नव्हता. नाव होतं, वय होतं, शिक्षण होतं, रक्तगटसुद्धा होता.

शांताबाईचा भाऊ देवराम जिनिंगमध्ये मुकादम होता. ती म्हणाली, त्याच्या कानावर घालते. मी कॉलनीत बैठक बोलावली आणि जे होणार होतं तेच झालं. वसंतराव भडकले. "वहिनी, अहो खुर्चीवरचा माणूस आपण कापसाच्या धुळीत घालायचा? लोक म्हणतील, बोलावून आणलं आणि हमाल केलं."

"खुर्चीवर बसून तो टाचण्या लावत होता," मी म्हटलं.

"अहो, वाचायला शिकेल की."

"शिकेल. तोवर जानेवारी येईल."

ते बराच वेळ फाईलचा बंद सोडत आणि बांधत राहिले. मग म्हणाले, "चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं." वसंतराव चूक कबूल करताना मी त्यापूर्वी पाहिलेले नाहीत, त्यानंतरही नाहीत.

दिवाळी झाली आणि जिनिंग सुरू झालं. पहिल्या दिवशी मीही गेले, कारण मालकांनी विचारलं होतं की याची जिम्मेदारी कोणाची. आवारात पांढरे डोंगर उभे होते. यंत्रांचा आवाज छातीत बसत होता. नाकात, पापण्यांवर कापूस. मालकांनी हरचंदला ढीग दाखवले. तो एकेका ढिगापाशी थांबायचा, मूठभर घ्यायचा, चावायचा, ओढायचा आणि बोलायचा: हा वेगळा ठेवा, हा कवडी आहे, म्हणजे किडका, हा उत्तम. त्यांचा जुना माणूस मागे उभा राहून मान हलवत होता, म्हणजे जुळत होतं. माझ्या मुलाच्या इंटरव्ह्यूच्या वेळीही मला एवढी धडधड झाली नव्हती.

शेवटच्या ढिगापाशी जुना माणूस म्हणाला, "हा एक नंबर माल हाये. कालच आला."

हरचंदनं बाही वर केली आणि हात ढिगात घातला, मनगट, कोपर, खांद्यापर्यंत. तसाच थांबला. मग म्हणाला, "इसको खोलो. अभी."

मालक म्हणाले, वरून तर कोरडा दिसतो. हरचंद पुन्हा तेच म्हणाला, आवाज न चढवता. देवरामनं चार माणसं लावली. वरचा थर ओढला, मग खालचा, आणि थंडीच्या त्या सकाळी ढिगाच्या पोटातून वाफ निघाली. आतला कापूस पिवळट पडायला लागला होता. तो तसाच राहिला असता तर आणखी दोन दिवसांत काय झालं असतं, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. जिनिंगमध्ये आगीचं नावही मोठ्यानं घेत नाहीत. जुन्या माणसानं पुढे येऊन त्या कापसात स्वतःचा हात घातला, बाहेर काढला आणि हरचंदच्या पाठीवर ठेवला.

"उद्यापासून या," मालक म्हणाले.

मी तिथल्या कापसाच्या एका गाठीवर बसले आणि कुणीतरी आणून दिलेला अतिशय वाईट, अतिशय गोड चहा सगळा प्यायले. मला मनापासून रडू येत होतं आणि ते मी कापसाच्या धुळीवर ढकललं.

त्या हिवाळ्यातलं बाकीचं सगळं मला उजेडात आठवतं. संध्याकाळी कॉलनीत परतणारा हरचंद, डोक्यावर, भुवयांवर कापूस, घरात शिरण्यापूर्वी दारात उभा राहून झटकणारा. पूजा त्याच्या पाठीवरचे पुंजके वेचायची. जमना शांताबाईबरोबर बाजारात जायला लागली. डब्यांवरच्या चिठ्ठ्या मी काढून टाकल्या. ती म्हणाली राहू द्या, छोरी त्या वाचून दाखवते. जानेवारीत परवानगीच्या कामाला मी सोबत गेले. साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, हे काय काम करतात? मी उत्तर द्यायच्या आत हरचंद म्हणाला, "जिनिंगमध्ये माल पाह्यतो, साहेब." चक्क आमच्या भाषेत, देवरामच्या तोंडून उचललेलं. साहेबांनी लिहून घेतलं आणि पुढचा कागद मागितला. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो.

हे सगळं आता मागे पडलं. मध्ये हंगाम आले गेले. त्यानं नागरी वाचायला शिकून घेतलं, हळूहळू, वर्तमानपत्रातल्या बाजारभावांवरून. आम्ही आठ घरं मात्र अजूनही त्यांच्याविषयी "आपले हरचंद" असं बोलायचो. त्यांच्या खोलीचा नळ गळला तरी वसंतराव प्लंबर पाठवायचे.

गेल्या आठवड्यात पूजा येऊन सांगून गेली की ते लोक घर बदलतायत. जिनिंगच्या मागच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर बघितलंय, रविवारी जायचंय. बघितलंय, ठरवलंय, आणि आम्हाला आता सांगतायत. वसंतराव दुखावले. "निदान विचारायचं तरी. घर कसं आहे, घरमालक कसा आहे, आपण बघितलं असतं." मलाही लागलं, खोटं कशाला बोलू. दिवसभर भांडी जरा जोरातच आपटली. रात्री मनाशी उजळणी केली, मी माझं पहिलं घर घेतलं तेव्हा कुणाला विचारलं होतं? सासूबाईंनाही नाही.

रविवारी मी आणि वसंतराव सामान हलवायला मदत करावी म्हणून गेलो. ते जुना शर्ट घालून आले होते, दोरी घेऊन. जाऊन बघतो तर टेम्पो रिकामा होऊन गेलेला. जिनिंगमधली सहा-सात माणसं पलंग जोडत होती, शांताबाई चुलीशी होती, देवराम दाराला तोरण बांधत होता. आम्हाला करण्यासारखं काही नव्हतं. आम्ही दारात उभे, वसंतरावांच्या हातात दोरी.

हरचंद बाहेर आला. घरातल्या दोनच खुर्च्या त्यानं स्वतः उचलून अंगणात मांडल्या, हातानं पुसल्या आणि म्हणाला, "बसा बाई. बसा काका. आज तुमी पाहुणे हाये."

आम्ही बसलो. जमनेनं पाणी आणून दिलं.